हरणाबाईंनी पाहिलेली अमेरिका

हरणाबाई अमेरिकेहून परत आल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक मोठी निळी बॅग होती आणि सांगण्यासारखं पुष्कळ होतं. बॅगेतल्या वस्तू आठ दिवसांत वाटून संपल्या. सांगणं मात्र कुणालाच नको होतं. मलाही नको होतं, हे आधीच कबूल करते.

सांगलीच्या खणभागात आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. त्या मिशनच्या दवाखान्यात आया होत्या. माहेर कराडला लागून असलेल्या मलकापूरचं. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि वर्षश्राद्ध उरकून सासरच्यांनी त्यांना माहेरी आणून सोडलं. दोन वर्षं भावजयीच्या हाताखाली काढल्यावर त्या स्वतःच उठून दवाखान्यात कामाला लागल्या. मग गावात बोललं जाऊ लागलं की ही बाटली. त्या बाटल्या नव्हत्या, पण कुणाकुणाला सांगत बसणार?

थोरला भाऊ सयाजी फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई चालू असताना अमेरिकेची जहाजं बंगालच्या समुद्राकडं निघाल्याची बातमी रेडिओवर आली आणि दुसऱ्या दिवशी तो सांगलीत हजर झाला. दारातूनच म्हणाला, "हरणे, सोड ती नोकरी. आपल्या पोरांच्या जिवावर उठलेल्यांची धुणी धुतीस व्हय?"

हरणाबाई तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टर वेब नावाच्या अमेरिकन डॉक्टरच्या घरी कामाला होत्या. त्यांनी विचारलं, "दादा, त्या मॅडमला आठवा लागलाय. पाय सुजल्यात तिचं. ती कुठली जहाजं धाडती?"

सयाजी पाणीही न घेता परत गेला.

मॅडमला जुळं झालं. दोन्ही पोरं अशक्त. हरणाबाईंनी त्यांना कापसात गुंडाळून, चमच्यानं दूध पाजून जगवलं. उन्हाळ्यात डॉक्टर मायदेशी निघाले तेव्हा मॅडम म्हणाली, हरणा नसेल तर मी जाणार नाही. अशा त्या ओहायो नावाच्या प्रांतात गेल्या आणि दोन वर्षं राहून चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये परत आल्या.

या वेळी सयाजी त्यांना न्यायला स्टँडवर आला होता. मलकापूरच्या घरी अंगणात खुर्ची मांडली होती. पुढ्यात सगळी आळी. एकानं विचारलं, "आक्का, तिथं मोटार बिघडली की रस्त्यातच टाकून नवी घेत्यात म्हणं?" मागून एक बाई म्हणाली, "आन बाया दर सालाला नवरा बदलत्यात, खरं का वं?"

हरणाबाई साधं बोलायच्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरचा बाप पंच्याहत्तर वर्षांचा हाय. पहाटं उठून सोता गाया पिळतो. शेण बी सोताच काढतो. मॅडम पोरांच्या विजारीला गुडघ्यावर ठिगळं लावती. तिचा भाऊ टायरच्या कारखान्यात हुता. त्याला कामावरनं कमी केला, तवा सैपाकघरात बसून रडला. मग मोटार विकली त्यानं. मी बी गेलते संगट. आन गेल्या थंडीत तर पेट्रोल मिळंना. आपल्यात रॉकेलला लागत्यात तशा रांगा."

लोक एकमेकांकडं पाहू लागले.

"म्हंजे गरीब हायत म्हणा की," कुणीतरी हसत म्हणालं.

"गरीब हायत, श्रीमंत हायत. चांगली हायत, वंगाळ बी हायत. माणसंच हायत ती."

हे ऐकायला कुणी आलं नव्हतं. हळूहळू अंगण रिकामं झालं. भावजय आत भांडी आपटत म्हणाली, "हिला मागल्या दारीच ठिवली आसंल. हिला काय दिसतंय डोंबल!"

तीच गोष्ट शाळेत झाली आणि ती माझ्यामुळं झाली. नववीच्या मुलींना भूगोलाच्या तासाला अमेरिका होती, म्हणून मी हरणाबाईंना बोलावलं. मुख्याध्यापिकाबाईंनी हार आणवला. माझ्या मनात उंच इमारती, मोठाले पूल, चंद्रावर जाणारी माणसं होती. हरणाबाई शेजारच्या म्हातारीबद्दल बोलू लागल्या. तीन मुलांची आई, पण एकटी राहायची. रोज सकाळी हात हलवून "गुड मॉर्निंग, हरना" म्हणायची. एकदा तिच्या पायरीवर दोन दिवसांची वर्तमानपत्रं तशीच पडलेली दिसली. हरणाबाईंनी मॅडमला सांगितलं. मॅडम म्हणाली, मुलाकडं गेली असेल, न विचारता कुणाच्या घरात जायचं नसतं. चौथ्या दिवशी पोलिसांनी दार उघडलं.

"मॅडम मग लय रडली," हरणाबाई सांगत होत्या. "म्हनली, हरना, तू सांगितलंस तवाच गेलं पायजे हुतं. आठवडाभर जेवली न्हाई नीट. तिचं बी वाईट वाटलं मला. रीतच तशी हाय, ती तरी काय करंल?"

मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी उठले आणि म्हणाले, "वेळेअभावी आपण इथंच थांबू." वेळ अर्धा तास शिल्लक होता. मी मुलींना टाळ्या वाजवायला लावल्या. घरी जाताना हरणाबाईंनी विचारलं, "बाई, माझं काय चुकलं का?" मी म्हणाले, "नाही हो, पण मुलींना जरा उमेद वाटेल असं काही..."

शहात्तर साली सयाजीच्या लीलाला स्थळ आलं. सांगलीतले गुळाचे अडत्ये नाथाजी यांचा मुलगा मानसिंग. चार वर्षांपूर्वी शिकायला अमेरिकेला गेलेला. तिथंच इंजिनिअर झाला म्हणत होते. लीला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, आत्यावर फार जीव. जहाजांचा राग सयाजी केव्हाच विसरला होता. तो फोटो घेऊन थेट बहिणीच्या खोलीवर आला. मला हाक मारून म्हणाला, "बाई, तुमीबी बगा. आमचा जावई."

रंगीत फोटो होता. लांबलचक लाल मोटारीला टेकून एक उंच पोरगा हसत होता. अंगात कोट. हरणाबाईंनी फोटो खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाहिला.

"दादा, ही मोटार त्याची न्हाई."

"म्हंजे?"

"ही विकायला ठिवल्याली हाय. ह्या वर दोरीला लावल्याल्या पताका बगितल्या का? जुन्या मोटारी विकायच्या जागी लावत्यात तसल्या. आन ही काच बग. पांढरा आकडा लिवलाय, त्यावर त्यानं कोपर ठिवलंय. मॅडमच्या भावाची मोटार अशाच जागी दिली आमी. ह्या कोटाच्या बाह्या बी आखूड हायत. दुसऱ्याचा कोट हाय ह्यो."

मी फोटो घेतला. कोपराखालून आकड्याचं शेपूट खरंच दिसत होतं.

"पोरगं वाईट हाय असं म्हनत न्हाई मी," हरणाबाई म्हणाल्या. "पन खोटं कशापायी धाडलं? तेवढं इचार. मग दे पोरगी."

सयाजीचा चेहरा काळाठिक्कर पडला. "तुला पोर न्हाई, बाळ न्हाई. भावाच्या पोरीचं बरं झाल्यालं बगवंना तुला. दोन वर्सं लोकाची ढुंगणं धुतलीस आन मला अमेरिका शिकवतीस?"

तो फोटो हिसकावून गेला.

लग्न वैशाखात झालं. मानसिंग तीन आठवड्यांसाठी आला होता. आठ दिवस आधी मलकापूरचा एक माणूस हरणाबाईंच्या दारात आला आणि पिशवीतून एक हिरवं लुगडं काढून म्हणाला, "आत्याचा मान. हवालदारांनी धाडलाय." मान घरपोच पाठवला म्हणजे मांडवात येऊ नकोस. हरणाबाईंनी त्या माणसाला चहा पाजला आणि लग्नाच्या दिवशी दवाखान्यात दुप्पट पाळी केली.

कागदपत्रं होऊन लीला जायला दोन वर्षं गेली. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात तिचं पहिलं पत्र माझ्या पत्त्यावर आलं. आत दुसरं पाकीट, "आत्तीस" असं लिहिलेलं. हरणाबाईंना वाचायला वेळ लागायचा, म्हणून मीच वाचून दाखवलं.

"आत्ती, फोटो पाहून तू आबांना सांगितलंस तसंच आहे. त्यांचं शिक्षण दुसऱ्याच वर्षी सुटलं. दिवसा फोटोतल्या त्याच मोटारी विकायच्या जागी मोटारी धुतात आणि संध्याकाळपासून एका पेट्रोल पंपावर असतात. मी आले त्या आठवड्यात ते खूप रडले. त्यांनी मामंजींना एकदा खरं कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, हे कुणाला कळता कामा नये. ते वाईट नाहीत, आत्ती. मी एका दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला लागले आहे. माझ्याबरोबर एक गोरी बाई आहे, रूथ. तिचे पाय माझ्यासारखेच दुखतात. आबांना यातलं काही सांगू नकोस, तुला माझी शपथ. त्यांना मी बंगला आहे म्हणून लिहिलंय. तुला खोटं लिहिलं तरी तुला कळणारच, म्हणून तुला खरं लिहिते. तेवढंच बरं वाटतं."

दर महिन्याला एक पत्र यायचं. हरणाबाई ते दोनदा ऐकायच्या आणि मला उत्तर सांगायच्या. थंडीत पायात दोन मोजे घाल, ताप आला तर अमुक काढा घे, रूथला माझा नमस्कार सांग. आपण म्हटलं तेच खरं निघालं याचं समाधान त्यांच्या तोंडावर मला एकदाही दिसलं नाही.

पुढच्या साली दिवाळीनंतर सयाजी आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी उठून जाऊ लागले तर हरणाबाईंनी मला हातानं बसवलं. सयाजी खाटेच्या कडेवर टेकला. खिशातून लीलाचं पत्र काढलं, पण वाचलं नाही.

"हरणे, ती तुला लिवती का?"

हरणाबाईंनी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"मला लिवती, बंगला हाय, धुणं मशीनीत हुतंय. आन खाली आईला लिवलंय, कोकमाचं तेल धाड, हाताला भेगा पडून रगत येतंय." त्यानं घडी पुन्हा घातली. "मशीनीत धुनं टाकनाऱ्या बाईच्या हाताला भेगा कशा पडत्यात? मी फौजेत हुतो, हरणे. एवढं कळतं मला."

"मग बोलवून घे तिला."

"कशी बोलवू? सगळ्या गावाला सांगून बसलोय. आता त्याच नावावर अर्जुनाला मुलगी सांगून आलीया. मोठं घर हाय." अर्जुना म्हणजे लीलाचा धाकटा भाऊ, एकवीस वर्षांचा. "आयतवारी पावणं येत्यात. त्येंना तू अमेरिकेत हुतीस ह्ये ठावं हाय. तुलाच इचारनार. तू ये."

"आन काय सांगू?"

सयाजी खाटेवरून उतरला. त्यानं बहिणीच्या पायाला हात लावला. थोरल्या भावानं. हरणाबाईंनी पाय मागं घेतले आणि त्या रडायला लागल्या.

रविवारी त्यांनी मलाही बरोबर नेलं. सोप्यात जाजम अंथरलं होतं. पाहुण्यांत मुलीचे वडील, चुलते आणि एक म्हातारे मामा होते. चहा झाल्यावर मामांनी विचारलं, "बाई, तुमी डोळ्यांनी बगून आलाय. तिथं गरीब म्हणून कुनी न्हाईच, खरं का?"

हरणाबाईंनी पदर सारखा केला. "न्हाई वं. गरीब कुठलं तिथं?"

"आन आपली मानसं?"

"लय मान हाय आपल्या मानसांस्नी. घरापुढं दोन दोन मोटारी. बायांना कामच न्हाई. बटन दाबलं की धुनं हुतंय, बटन दाबलं की भांडी."

त्या बोलत राहिल्या. कुणी विचारलं नाही तेही सांगत राहिल्या. बर्फ साखरेसारखा पडतो, घरं आतून ऊबदार असतात, दुकानात वीस प्रकारचा पाव मिळतो. भावजय दाराआडून पुढं येऊन बसली. शेजारच्या बायाही आल्या. सगळे माना डोलवत होते. पाच वर्षांपूर्वी ज्या अंगणातून लोक उठून गेले होते त्याच घरात आता कुणाचा पाय निघत नव्हता. मी खाली पाहत बसले होते. शाळेत मला नेमकं हेच ऐकायचं होतं.

लग्न ठरलं. सयाजीनं निघताना बहिणीला ऊन लागेल म्हणून छत्री दिली आणि स्टँडपर्यंत स्वतः पोचवायला आला.

गाडीत मी विचारलं, "हरणाबाई, असं का केलंत?"

"माझा भाऊ हाय त्यो, बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

जानेवारीत लीलाचं पत्र आलं. एकाच पानाचं.

"आत्ती, आबांचं पत्र आलं. तू पाहुण्यांना काय काय सांगितलंस ते त्यांनी आनंदानं लिहिलंय. आता अर्जुनालाही इकडं पाठवायचं म्हणतात. तो मला लिहितो, ताई, तू निम्मंसुद्धा कळवलं नव्हतंस, आत्तीनं सगळं सांगितलं, तुम्ही तर राजासारखे राहता. मी त्याला येऊ नको म्हटलं तर त्याला वाटतं, बहिणीला भावाचं बरं बघवत नाही. तुला दोष देत नाही. पण आता मी खरं कुणाला लिहू?"

मी वाचून थांबले. हरणाबाईंनी ते पत्र माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः एकेक अक्षर लावत पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "लिवा, बाई."

मी पेन काढलं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. तिच्या भावाला त्या स्वतः भेटून खरं सांगतील, वाटेल ते झालं तरी सांगतील. त्याप्रमाणं त्या अर्जुनाला भेटायला गेल्याही. तो त्यांच्या तोंडावर हसला. म्हणाला, "आत्ती, पावण्यांम्होरं येक आन माझ्याम्होरं येक? मला येडा समजतीस व्हय?"

लीलाला आम्ही त्या वर्षी तीन पत्रं पाठवली. तिच्याकडून एकाचंही उत्तर आलं नाही. मलकापूरला मात्र तिची पत्रं नियमित येत. त्यात बंगला होता, मोटार होती, आणि सगळं क्षेम होतं.