काकांना मालदीवला न्यायचं कसं

ट्रॅव्हलच्या ऑफिसात काम केलं की दोन गोष्टी साठत जातात. जुनी ब्रोशरं आणि किस्से. ब्रोशरं निदान रद्दीवाला नेतो. किस्से कोण नेणार? मग घरी कुणी चहाला आलं की मी सुरू होते आणि आमचे हे हळूच उठून आतल्या खोलीत जातात, कारण त्यांनी सगळे ऐकलेत. तुम्ही ऐकले नसतील, तर बसा.

आमचं ऑफिस विरार पश्चिमेला. सर आणि मी, दोनच माणसं. सर म्हणजे मालक, पण त्यांना मालक म्हटलेलं आवडत नाही, डायरेक्टर म्हटलेलं आवडतं. इतकी वर्षं अष्टविनायक, काश्मीर, चारधाम आणि वसईच्या ख्रिस्ती मंडळींना वेलंकनी, एवढ्यावर आमचं बरं चाललं होतं. मग सर कुठल्याशा सेमिनारला जाऊन आले आणि टाय न सोडताच म्हणाले, "वैशाली, बस झाल्या बसगाड्या! आता आपण लक्झरी विकायची. मालदीव!"

दुसऱ्या दिवशी काचेवर भलंमोठं पोस्टर. निळंशार पाणी, पाण्यावर लाकडी खोल्या, बाजूला एक वाकडा माड.

पहिले गृहस्थ दारातूनच पोस्टर बघत आत आले. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. गृहस्थांनी विचारलं, "हे अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर नवीन झालंय का? रिक्षा जाते का तिथपर्यंत?"

*

नंतर नालासोपाऱ्याचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. सरांनी तासभर घसा कोरडा केला. पाण्यावरची खोली, खोलीच्या जमिनीला काच, काचेखाली मासे, बेटावर छोट्या विमानाने उतरायचं. मुलगी खूश. मुलगा मात्र गंभीर.

"मॅडम," तो मला म्हणाला, "चिंचोटीसारखा धबधबा असेल ना?"

"नाही हो. तिथे डोंगरच नाहीत. चारी बाजूंनी नुसता समुद्र."

"धबधबा नाही? मग भिजायचं कुठे?"

ते जोडपं केरळला गेलं. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जणू मालदीवचे डोंगर मीच उचलून नेले होते.

*

मग काकू आल्या. जवळच्याच नंदाखाल गावच्या. तिथे त्यांची माडांची आणि केळीची वाडी आहे, सासऱ्यांच्या आधीपासूनची. हातात कापडी पिशवी, पिशवीत माझ्यासाठी न मागता आणलेलं केळफूल. खुर्चीत बसल्या, पोस्टरकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "मला त्या खोलीत राहायचंय. ह्यांच्यासकट."

त्या "ह्यांच्यासकट"वर एवढा जोर का, ते पाच मिनिटांत कळलं. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून मुलगा आणि मुलगी दोघं मिळून आईवडिलांना फिरायला पाठवत होते. जागा आईने निवडायची होती. प्रश्न जागेचा नव्हताच. प्रश्न काकांना कुंपणाबाहेर काढायचा होता.

"लग्न झालं तेव्हा महाबळेश्वर ठरलं होतं," काकू सांगू लागल्या. "निघायच्या दिवशी वाडीतला पंप बिघडला. बॅग परत उघडली ती उघडलीच. मुलीचं लग्न पुण्यात केलं, तर अक्षता पडल्या, जेवले, आणि वाडीला पाणी द्यायचंय म्हणून गाडी काढून परत! मुलीची पाठवणी मी आणि दिरांनी केली."

मी म्हटलं, "काकू, मग आता तरी येतील का?"

"येतील कसले? न्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "पंप नाही, केळी नाही, चार दिवस फक्त आम्ही दोघं. एकदाच गं. मग मी काही मागणार नाही."

हे सगळं त्या हसत हसतच म्हणाल्या. ही ट्रिप झालीच पाहिजे असं मी तिथेच ठरवून टाकलं. कमिशन सरांना मिळो न मिळो!

*

पुढच्या आठवड्यात काकू खुद्द काकांना घेऊन आल्या. पांढरा शर्ट, पायात चपला, नखांना केळीच्या चिकाचे काळे डाग. सरांनी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

काका बराच वेळ फोटो बघत राहिले. मग विचारलं, "ही खोली पाण्यात का बांधली? जमीन नव्हती का?"

"काका, तीच तर मजा आहे!"

"आणि हे माड बघायला एवढं लांब जायचं? आमच्याकडे डोक्यात पडतात!"

सरांनी हुकमाचा एक्का काढला. "काका, तिथे तुमच्या दिमतीला एक माणूस असतो. बटलर! चोवीस तास फक्त तुमच्यासाठी."

काका पहिल्यांदाच पुढे सरकून बसले. "चोवीस तास? एक माणूस?"

"फक्त तुमच्यासाठी!"

"त्याला इकडे पाठवता येईल का? आमच्याकडे माणसांची फार टंचाई आहे."

यावर काकू त्यांना त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. मी सांगलीची, मला ती बोली निम्मीच कळते. पण काका लगेच गप्प बसले, त्यावरून उरलेली निम्मीसुद्धा कळली.

*

पासपोर्टच्या दिवशी मी मुद्दाम दोघांबरोबर गेले. तिथे बोटांचे ठसे घेतात. काकूंचे झाले. काकांनी अंगठा ठेवला, यंत्र गप्प. परत ठेवला, पुन्हा गप्प. एवढी वर्षं कोयता आणि फावडं धरून अंगठ्यावर रेषा म्हणून उरल्याच नव्हत्या.

काकांचा चेहरा असा उजळला म्हणता! "बघ," ते काकूंना म्हणाले, "मी तयार होतो. आता यंत्रच नाही म्हणतंय, त्याला मी काय करू?"

काकूंनी पर्स उघडली. आतून छोटी बाटली काढली, खोबरेल तेलाचे दोन थेंब काकांच्या अंगठ्यावर टाकले, लहान मुलाची मालिश करावी तसा अंगठा चोळला, पदराने पुसला आणि यंत्रावर दाबून धरला. लागला ठसा!

काउंटरवरची मुलगी चकित. "काकी, तेल बरोबर घेऊनच फिरता?"

"यांच्याबरोबर फिरायचं म्हणजे सगळं घेऊनच फिरावं लागतं," काकू म्हणाल्या.

*

आता रिसॉर्ट निवडायचं होतं. इथे काकूंनी आम्हाला वेड लावलं.

लोक खोली बघतात, बिछाना बघतात, बाथटब समुद्राकडे तोंड करून आहे की नाही ते बघतात. काकू फोटो बोटांनी मोठा करून खोलीच्या मागचे माड बघायच्या.

"हे नको."

"का हो काकू? पाच तारे आहेत!"

"माड फार चांगले आहेत."

सरांना काही सुधरेना. दुसरं दाखवलं. "हेही नको. माडांना खत जरा जास्तच घालतात." तिसरं. "छे! एकही पिवळं पान नाही."

असं तीन आठवडे चाललं होतं. काका एकटेच कधी भाजी द्यायला आले की खुशीत विचारायचे, "मिळालं का काही? नाही ना? राहू दे मग."

शेवटी एक जरा जुनं झालेलं रिसॉर्ट निघालं. खोल्या सुंदर, पाण्यावरच्या, काचेच्या जमिनीच्या, पण कंपनीचे फोटो सोडून काकू थेट आधी राहून गेलेल्या पाहुण्यांनी टाकलेल्या फोटोंवर गेल्या. एका फोटोत कुणी बाई ज्यूस पीत उभी होती. काकूंनी ती बाई बाजूला सरकवली आणि तिच्या मागे बघत राहिल्या. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

"हेच," म्हणाल्या.

"नक्की? स्विमिंग पूल बघायचा नाही?"

"पूल असेल की. तू बुक कर."

सर मला नंतर म्हणाले, "वैशाली, गिऱ्हाइकाला पूर्ण वेड लागायच्या आत ॲडव्हान्स घ्यायचा असतो, लक्षात ठेव."

*

निघायला आठवडा उरला. काकांची एवढ्यात तीन कारणं काढून झाली होती. राजेळी केळी उतरवायला आलीत, म्हणजे त्यांची सुकेळी कोण वाळवणार? काकूंनी ती आधीच वाळवून ठेवली. नारळ पाडणारा माणूस त्याच आठवड्यात येणार. काकूंनी त्याला पुढचा आठवडा दिला. मग वाडीला पाणी कोण देणार? तर पलीकडेच सख्खा धाकटा भाऊ राहतो.

"भावाला पाण्याचा अंदाज नाही!" काका गरजले. "तो केळी बुडवेल!"

आणि खरंच नाही म्हणाले. ऑफिसात येऊन, सरांसमोर, अगदी साध्या आवाजात. "मला जमणार नाही. हिने आणि धाकट्या भावाच्या बायकोने, दोघींनी जावं. तिच्याकडे पासपोर्ट आहे."

मला त्यांचा असा राग आला! वाटलं, पोस्टर काढून त्यांच्या डोक्यात घालावं. काकू खाली बघत होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच.

"बरं," त्या मला म्हणाल्या. "जाऊबाईंचं तिकीट काढ. आणि त्यांना शेजारची वेगळी खोली घे."

"एका खोलीत दोघी आरामात मावाल की."

"असू दे वेगळी."

"आणि काकांचं तिकीट रद्द करू?"

"रद्द नको. तारीख मागाहून कळवते."

बिचाऱ्या अजून आशा धरून आहेत, असं मला वाटलं.

*

निघायच्या दिवशी सकाळी काका रिक्षातून पार्सल घेऊन ऑफिसात हजर. केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेली सुकेळी, वर दोरीची पक्की गाठ.

"हे तिच्या सामानात घाला. कुणाच्या घरी राहायला जायचं तर रिकाम्या हाताने जाऊ नये. त्या चोवीस तासवाल्या माणसाला द्यायचं म्हणावं."

"काका, ते हॉटेल आहे."

"हॉटेल असलं तरी तो कुणाचा तरी मुलगाच ना?"

पार्सल देऊन झालं तरी हलेनात. मग पोस्टरकडे पाठ करून विचारलं, "पाणी किती खोल असतं हो तिथे? तिला पोहता येतं, पण विहिरीतलं."

*

आता शेवटचा किस्सा.

ट्रिप आठवड्याची, आणि काकू जाऊन दुसरा दिवस. काकांकडे साधा फोन, त्यात तोंड दिसत नाही, म्हणून बायकोशी व्हिडिओवर बोलायला आमच्या ऑफिसात आले. दाढी वाढलेली. पोळी करपते म्हणाले. वाडीबद्दल विचारलं तर, "ठीक आहे," एवढंच. आपली वाडी "ठीक आहे" असं म्हणणारे काका मी पहिल्यांदाच बघितले.

मी कॉल लावला. पडद्यावर काकू, डोक्यावर भलीमोठी हॅट, मागे निळं पाणी.

"अहो, दिसतंय का?" त्यांनी फोन फिरवायला सुरुवात केली. काचेखालचे मासे दाखवले. काका म्हणाले, "हं." समुद्राकडे तोंड केलेला बाथटब दाखवला. "हं." बटलरसुद्धा आला आणि सुकेळी खात खात त्याने नमस्कार केला. काका जरा हसले, आणि पुन्हा "हं."

मग काकू चालत चालत किनाऱ्याला आल्या आणि फोन हळूहळू वर नेला. एक माड. बुंधा. झावळ्या.

काका ताडकन उठले. "थांब! तिथेच धर! वर. अजून वर. शेंड्याकडे!"

झावळ्या कात्रीने तिरक्या कापाव्यात तशा दिसत होत्या. मला त्यातलं काय कळणार?

"भुंगा!" काका ओरडले. "गेंड्या भुंगा लागलाय! कोंबात बसलाय आणि हे लोक खाली ज्यूस पितायत! अगं, त्यांना सांग कुणीतरी!"

"सांगितलं हो," काकू म्हणाल्या. "त्यांना मराठी कुठे कळतं?"

"झाड मरेल ते!"

"मरेल बाई," काकू म्हणाल्या आणि फोन जरा आणखी जवळ नेला.

काका माझ्याकडे वळले. श्वास फुललेला. "उद्याचं विमान आहे का?"

"काका, आणि वाडी?"

"वाडी भाऊ बघेल की! तुम्ही तिकीट बघा! आणि भुंगा ओढून काढायची माझी लोखंडी आकडी आहे, ती विमानात चालते ना?"

"खालच्या सामानात चालेल," सर कसेबसे म्हणाले.

काका ते ऐकायलाही थांबले नाहीत. आकडी शोधायला निघाले ते चपला उलट्यासुलट्या घालून, रिक्षाला हाका मारत.

"वैशाली?" पडद्यातून आवाज आला. कॉल चालूच होता. "निघाले का?"

"निघाले, काकू."

काकूंनी हॅट सारखी केली.

"त्यांना एवढ्यात सांगू नकोस," त्या म्हणाल्या, "पण मागच्या बाजूला असे अजून तीन माड आहेत. रोज सकाळी एक दाखवीन. बाकीचा दिवस माझा!"