आमच्या कॉलनीत

"'आमच्या कॉलनीत' असं म्हणायचं. 'तुमच्या' म्हणालीस की सगळं फुकट जाईल," काकू म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर साडीला पिन लावली.

साडी त्यांचीच. जुनी, मोरपंखी, काठ थोडा उसवलेला. इतकी वर्षं मी त्यांच्या बंगल्यात भांडी-फरशी करते, पण त्यांचा हात माझ्या अंगाला त्या दिवशी पहिल्यांदा लागला. त्यांना खरं तर पोळ्या करायला बाई हवी होती. आडनाव विचारलं. ऐकल्यावर भांडी दिली. माझा चहाचा कप अजून मागच्या खिडकीत असतो, साबणाच्या डब्याशेजारी. मागच्या दाराची किल्ली मात्र माझ्याकडे. काका-काकू गावाला गेले की झाडांना पाणी मीच घालते.

नाशकातल्या काकूंच्या कॉलनीत नियमानं फक्त बंगलेच बांधता येतात. आता महापालिकेच्या नव्या आराखड्यात तिथल्या रिकाम्या प्लॉटवर चार मजली इमारतींना परवानगी मिळणार होती. त्यात गरिबांना परवडतील अशी छोटी घरं ठेवणं सक्तीचं. कॉलनी नुसती पेटली.

"नाल्यावरचे लोक इथं राहायला येतील हो," काकूंची मैत्रीण म्हणाली.

मी तिथंच फरशी पुसत होते. तिनं पाय वर उचलले. मी खालून फडकं फिरवलं. नाल्यावरचे लोक म्हणजे मी.

हरकती ऐकायला महापालिकेच्या साहेबांनी सुनावणी ठेवली, तिथं गर्दी दिसायला हवी होती. बंगल्यांत माणसं किती? मुलं परदेशात, घरात दोन म्हातारी आणि एक कुत्रा. म्हणून त्यांनी आम्हाला नेलं. कामवाल्या, वॉचमन, माळी. सगळ्यांना जुने चांगले कपडे दिले. एकच वाक्य पाठ करून घेतलं. आमच्या कॉलनीत पाणी पुरत नाही.

पाणी! गोदावरी फुगली की आमच्या नाल्याचं पाणी उलटं फिरतं आणि घरात शिरतं. त्या आठवड्यात पाऊस थांबतच नव्हता. सुनावणीच्या दिवशी सकाळीच भोंग्याची गाडी ओरडत गेली होती, धरणातून पाणी सोडणार म्हणून. नाल्याचा वास बदलला होता. तो बदलला की आम्ही पिठाचा डबा माळ्यावर चढवतो. डबा चढवला. मुलीला म्हटलं, "पाणी उंबऱ्याला लागलं की पुलावर जाऊन उभी राहा." एवढं सांगून मी साडी नेसायला गेले होते. नाही म्हटलं असतं तर काम गेलं असतं.

सुनावणीत आधी सुमनमावशी उठली. आमच्याच वस्तीतली, दोन बंगले सोडून कामाला. वयानं मोठी.

"साहेब, आमच्या कॉलनीत पाणी लय कमी येतं. अजून माणसं नाय पाहिजे."

मागच्या पुरात मावशीची चूल वाहून गेली होती. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मावशी मान खाली घालून बसली. ते हसू माझ्या डोक्यात गेलं.

मग माझी पाळी. साहेबांनी सहज विचारलं, "बाई, तुम्ही कोणत्या बंगल्यात राहता?"

"कोपऱ्यातला सांग," काकू मागून कुजबुजल्या.

माझ्या डोळ्यांसमोर मुलगी आली. पुलावर, एकटी. असा संताप आला की पाठ केलेलं वाक्य बाजूलाच राहिलं.

"मी नाल्यावर राहते, साहेब. ह्यांच्याकडे भांडी घासते. साडी ह्यांची, बोलणंही ह्यांनीच शिकवलेलं. ती इमारत होऊ द्या. आम्ही रोज सकाळी इथं येतो, ते ह्यांना चालतं. संध्याकाळी परत जाणार नाही म्हटलं, की ह्यांचं पाणी संपतं."

कुणी हसलं नाही. साहेबांनी काहीतरी लिहिलं. म्हणाले, "निर्णय नंतर कळेल."

बाहेर काकूंनी हात पुढे केला. "किल्ली."

मी दिली. पिन काढायला लागले तर त्या मागे सरकल्या. "साडी राहू दे. तू नेसलेली आता मला नको."

काका गाडीत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं नाल्यावरचं घर तरी किती दिवस राहतंय, बघू. एक फोन पुरे."

मी वस्तीत पोचले तेव्हा मुलगी पुलावर उभी होती. दप्तर डोक्यावर. खाली आमचं दार दिसत होतं, उंबरा दिसत नव्हता.

आता पाणी उतरलंय. कॉलनीतली माझी सगळी कामं सुटली. काल आमच्या ओळीतल्या दारांवर कुणीतरी लाल रंगानं फुल्या मारून गेलं. कोण, कशाला, कुणी सांगत नाही. वस्तीत सगळे हळू आवाजात बोलतात. मावशीनं सामान बांधून ठेवलंय. भीती मलाही वाटते. खोली पाडतीलही.

निर्णय झालेला नाही. पुन्हा सुनावणी आहे म्हणतात. मोरपंखी साडी मी धुऊन, काठ शिवून ठेवलीय. तीच नेसून जाणार. कुणी न्यायला येणार नाही, माझी मी जाणार. आणि साहेबांनी विचारण्याआधीच उभी राहून, काकूंनी शिकवलेल्या शब्दांनीच सुरुवात करणार.

आमच्या कॉलनीत.