वशिंडावर हात

या सदरात येणारे अनुभव मी आजवर निव्वळ करमणूक म्हणून वाचले. पिंपळावरची बाई, घाटात लिफ्ट मागणारा माणूस... वाचायचं, हसायचं, पान उलटायचं. माझा धंदाच तसा आहे. मी हडपसरला एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कुणी येऊन म्हणालं, "मॅडम, सिस्टिम आपोआप बंद पडली," की माझं एकच उत्तर — पुन्हा पाडून दाखव. पुन्हा झालं नाही तर झालंच नाही, असा आमचा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना मलाच थोडी लाज वाटते आहे. पण आई म्हणाली, "लिही बाई, तुला तरी हलकं वाटंल." म्हणून लिहिते.

आम्ही मूळचे हडपसरचेच. आज जिथे काचेच्या इमारती आहेत तिथे आमच्या आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा मळा होता. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी यायचं. मी ज्या कॅन्टीनमध्ये जेवते तिथे कांदा व्हायचा, असं आण्णा छातीठोकपणे सांगायचे. माझ्या जन्माची एक गोष्ट तर दर वाढदिवसाला ठरलेली. आईला कळा सुरू झाल्या तेव्हा आण्णांनी बैलगाडी जुंपली. दवाखान्याच्या वाटेवर, कालव्याच्या पुलाशी, हौश्या नावाचा बैल बसला. जुंपलेलं जनावर असं मध्येच बसलं की लोक शेपूट पिरगाळतात, चाबूक ओढतात. आण्णांनी फक्त त्याच्या वशिंडावर, मानेमागच्या त्या उंचवट्यावर, हात ठेवला आणि म्हणाले, "चल लेका हौश्या, लेकरू हाय संगं." हौश्या उठला. आणि तिथून दवाखान्यापर्यंत, दगडधोंड्यांच्या रस्त्यानं, आईला एक धक्का लागला नाही.

मी मोठी झाल्यावर विचारायचे, "अगं, कळा येत असताना तुला धक्के कळणार कसे?"

आई म्हणायची, "बाळंत मी झाले का तू?"

तर ही गोष्ट मी कधी खरी मानली नाही. घरोघरी असते तशी आमच्याही घरची एक.

आता गाडीबद्दल. माझा नवरा मंदार सदाशिव पेठेतला, आयटीतलाच. परदेशात प्रोजेक्टवर असताना त्याने तिकडची मोटरहोम पाहिली आणि तो किडा डोक्यात घेऊनच परत आला. एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून जुनी, आखूड लक्झरी बस घेतली. सीटा काढून पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी बसवून घेतली. सोसायटीत आणून लावली तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "घर परवडेनासं झालं वाटतं." पण गाडी खरंच सुरेख चालायची. मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांऐवजी हवेने भरलेले जाड रबरी फुगे होते. गॅरेजवाले त्यांना बलून म्हणतात. खड्डा आला की तो बलूनच गिळायचा, आत कळायचाही नाही. डाव्या चाकावरचा उंचवटा आत पलंगाला लागून आला होता, त्याला मंदारने तपकिरी रेक्झिन लावून घेतलं होतं. आण्णांनी पहिल्याच दिवशी त्यावर थाप मारली. "वशिंड हाय की हिला."

आण्णांना कॅन्सर झाला होता, तो त्याच वर्षी मणक्यात उतरला. मणका आतून पोखरला गेला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, एक जोराचा धक्का बसला तरी कमरेखालचं सगळं जाईल. आण्णांना मरणाचं फार वाटत नव्हतं. ते म्हणायचे, "परसाकडला माझ्या पायानं जातोय तवर मी मानूस. पुढचं नगं."

आणि नेमका तेव्हाच आमच्या ओंकारचा दीक्षान्त सोहळा आला. ओंकार आमचा मुलगा, खडकवासल्याच्या बाजूला असलेल्या लष्करी प्रबोधिनीत शिकत होता. परेड सकाळी होती. मी आण्णांना समजावलं, चार दिवसांनी तो सुट्टीवर घरीच येतोय.

"घरी येईल त्यो नातू," आण्णा म्हणाले. "मला शिपाई बघायचाय. तिथं. ब्यांड वाजताना."

कार नको, अ‍ॅम्ब्युलन्सही दणके देते, असं डॉक्टरांचं म्हणणं. मंदारने बलूनवाल्या गाडीचं सांगितल्यावर ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, न्या, पण हळू. बेत असा ठरला की आण्णा गाडीतच पडून राहतील, बँड ऐकतील आणि परेडनंतर ओंकार गणवेशात गाडीपाशी येईल.

आम्ही उजाडायच्या आत निघालो. मंदार चालवत होता, मी आणि आई आण्णांपाशी. स्वारगेट, कर्वे रस्ता, वारजे... सगळं नीट पार पडलं. शिवणे-उत्तमनगर मागे टाकलं आणि चांगलं फटफटलेलं असताना मागून 'फट्' असा आवाज आला आणि मग लांबलचक फुस्स. पलंग डावीकडे कलला. फळीवरचा स्टीलचा पेला घरंगळत खाली गेला. मी आण्णांच्या अंगावर आडवी पडले, त्यांना धरून ठेवायला. मंदारने गाडी जागीच थांबवली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

डावीकडचा बलून फाटला होता. गाडी त्या कोपऱ्यात चाकावर टेकायला आली होती. मंदारने देवधरांना फोन लावला. देवधर म्हणजे ऑटोमोबाइल इंजिनिअर, मुंढव्याला स्वतःचं गॅरेज. मी दारात उभी होते, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"गाडी बसली का?" देवधरांनी विचारलं.

"हो, मागून डावीकडे बसली."

"मग हलवू नका. आता आत फक्त रबराचा ठोकळा उरला. प्रत्येक दणका थेट पलंगात जाईल. मी नवीन बलून घेऊन निघतो, पण दुपार होईल."

"अहो, दुपारपर्यंत परेड संपेल."

"परेड माझ्या हातात नाही. बलून आहे."

पुढे जावं तर स्पीडब्रेकर आणि खड्डे, मागे फिरावं तर तेच. मला मंदारचा भयंकर राग आला, त्याच्या हौसेचा, त्या फुग्यांचा. मग माझाही आला, कारण हो मीही म्हटलं होतं. मी दारातच रडायला लागले.

तेवढ्यात आतून आण्णांचा आवाज आला. "कोन बसलं?"

"गाडी बसली, आण्णा," मी म्हणाले.

"मंग रडतीस कशाला? दमलं आसंल. बसल्या जनावराला घाई करू ने."

मला वाटलं, औषधांमुळे बरळताहेत. मी आत गेले. त्यांनी उजवा हात त्या रेक्झिनच्या उंचवट्यावर ठेवला होता आणि तो सावकाश कुरवाळत होते. आई पायाशी बसली होती. तिने माझ्याकडे बघून गप्प राहायची खूण केली.

आण्णा हलक्या आवाजात म्हणाले, "चल लेका हौश्या. लेकरू हाय संगं."

आणि माझ्या पायाखालची फरशी वर आली.

झटक्याने नाही. बैल उठताना आधी मागचे पाय उचलतो, अंग सावरतो, तशी ती मागून संथपणे उठली. तिरका झालेला पडदा हळूहळू सरळ लोंबायला लागला. इंजिन बंद होतं, हवा भरल्याचा आवाज नव्हता. मला भीती वाटली नाही. देवळात गाभाऱ्यापुढे काही न मागता नुसतं उभं राहावं, तसं वाटलं. माझे हात आपोआप जोडले गेले, हे मला नंतर आईने सांगितलं.

मंदार दारात आला. चेहरा पार उतरला होता. "तू काही दाबलंस का आत?"

"काय दाबणार?"

तो पुन्हा खाली वाकला. मीही उतरून पाहिलं. बलून तसाच फाटलेला होता, मंदारने त्या चिरेत अख्खा पंजा घालून दाखवला. हवेचा मागमूस नाही. त्या कोपऱ्याला खालून उचलून धरेल असं काही म्हणजे काहीही नव्हतं, आणि गाडी सरळ उभी होती.

"जावईबापू," आतून आण्णा म्हणाले, "उठलंय तवर निघा."

मंदारने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनी मिळून मूर्खपणा केला, हे मला मान्य आहे. आम्ही निघालो.

माझ्यातली टेस्टर तेव्हाही गप्प बसली नाही. मी तो पेला उचलला, काठोकाठ भरला आणि फळीवर ठेवला. पुढचा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. स्पीडब्रेकर आले, उखडलेला डांबराचा पट्टा आला. पेल्यातलं पाणी सांडलं नाही. आण्णांचा डोळा लागला होता. हात वशिंडावरच.

बँड ऐकू आला तेव्हा ते जागे झाले. आम्ही मैदानाकडे गेलो नाही, तिघेही त्यांच्यापाशीच बसलो. परेड संपल्यावर ओंकार धावत आला, दारात थबकला आणि त्याने कडक सॅल्यूट ठोकला. आण्णांनी डाव्या हाताने सॅल्यूट केला.

ओंकारला हसू आलं. "आजोबा, डाव्या हाताने नसतो करत."

"उजवा कामात हाय," आण्णा म्हणाले. मग कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "हां. झाला शिपाई."

परतीचा प्रवासही तसाच, लोण्यातून सुरी जावी तसा. सोसायटीत शेजाऱ्यांनी चादरीच्या झोळीतून आण्णांना अलगद उचललं. त्यांचा हात उंचवट्यावरून सुटला, झोळी दाराबाहेर आली आणि मागे गाडी धप्पकन बसली.

खालचे काका म्हणाले, "दमलेली दिसतेय." का कोण जाणे, पण त्या दिवशी त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी देवधर आले. चीर बघून म्हणाले, "ह्यावर तुम्ही इथपर्यंत आलात? म्हणजे ठोकळ्यावर आपटत आलात." मग गाडी जॅकवर चढवली, खाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाहेर आले तेव्हा बोटांना धूळ होती. ठोकळ्यावर जुनी धूळ जशीच्या तशी होती. पहाटे रस्त्यात गाडी बसली तेव्हा टेकल्याचा एक ठसा आणि पार्किंगमध्ये बसली तेव्हाचा दुसरा. बाकी इतक्या रस्त्याचा एकही ओरखडा नाही.

"मग तुम्ही आलात कशावर?" त्यांनी मला विचारलं. अगदी मनापासून विचारलं.

मी त्यांना तोच फाटका बलून तसाच ठेवून हवा भरायला लावली. भरली तशी निघून गेली. मग ते चहा प्यायला गेल्यावर मी गाडीत चढले, दार लावून घेतलं, वशिंडावर हात ठेवला आणि म्हणाले... तेच शब्द, तसेच. पुन्हा पुन्हा म्हणाले. गाडी ढिम्म हलली नाही.

पावसाळा संपता संपता आण्णा गेले. आदल्या संध्याकाळपर्यंत भिंतीला धरून का होईना, आपल्या पायांनी परसाकडला जात होते.

दहावं झाल्यावर एकदा मी आईला पार्किंगमधला माझा प्रयोग सांगितला. म्हणाले, "शब्द तेच होते गं. ओंकारसाठी उठली, माझ्यासाठी नाही उठली."

आई लसूण सोलत होती. तिने वर न बघताच विचारलं, "वंकारसाटी? वंकार व्हता का गाडीत?"

"म्हणजे?"

"त्यो परेडीला व्हता. गाडीत लेकरू एकच व्हतं त्येंचं. दारात रडत व्हतं."

मी चाळिशी ओलांडलेली, चष्मा लागलेली बाई. हाताखाली टीम आहे. मी तिथेच बसून ढसाढसा रडले.

नवीन बलून बसवला, गाडी उत्तम चालते. त्या सकाळी तिला कशाने उचललं होतं, हे देवधरांना सांगता आलं नाही, मंदारला नाही आणि मलाही नाही. जी तक्रार पुन्हा घडवून दाखवता येत नाही ती आमच्या कंपनीत बंद करून टाकतात. हे मी अजून बंद केलेलं नाही.