सीलबंद पाकिटं आणि आमचे साडू

जालना जिल्ह्यात खरं बोलणारी माणसं शोधली तर पाच-पन्नास सापडतील, पण 'मला ठाऊक न्हाई' हे वाक्य भर पंगतीत, छाती पुढे काढून म्हणणारा माणूस एकच आहे आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, हे यजमान. उभा जन्म कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर चार पेन्शनरांत जाऊन बसायचं सोडून जालन्यातल्या एका दवाखान्यात चालणाऱ्या अभ्यासाचे आकडे सांभाळायला लागले. अभ्यास कॅन्सरचा, जोडीला साखरेचा आणि रक्तदाबाचा. कोणत्या औषधाने किती जणांना बरं वाटलं, किती दिवस वाटलं, आणि ते औषधानेच वाटलं की आपोआप, एवढंच शोधायचं. डॉक्टर रोग्यांना तपासतात आणि आमचे साडू डॉक्टरांना. मी बदनापूरला प्राथमिक शाळेत मास्तर, म्हणून सासुरवाडीत मी 'गुरुजी' आणि ते 'सर'. सासूबाई मात्र खासगीत म्हणायच्या, "थोरल्या जावयाला कायबी विचारा, म्हणतेत ठाऊक न्हाई. मंग एवढी वर्षं पोरांना शिकवलं काय?"

साडूंसमोर कुणी ठाम बोललं की त्यांच्या अंगाला खाज सुटते. एका साखरपुड्यात एक पाव्हणे सांगत होते की कारल्याच्या रसाने माझ्या मामाची साखर पार गेली. सगळे माना डोलावत होते. साडूंनी हातातला लाडू खाली ठेवला आणि विचारलं, "किती जणांपैकी?" पाव्हणे म्हणाले, मामा एकच आहे. "बराबर. पण कारलं पिऊन ज्यांची गेली न्हाई, ते कुठंयत? आणि मामानं कारल्यासोबत जिलबी सोडली का?" मामाने जिलबी सोडली होती. साखरपुड्यातलं वातावरण असं कडू झालं की कारलं परवडलं. असंच एकदा चतुर्थीला आम्ही राजूरच्या गणपतीला गेलो होतो. देवळाच्या वाटेवर एक चूर्णवाला ओरडत होता, हजारो बरे झाले, हजारो बरे झाले! मी साडूंचा हात धरून ओढला, पण उशीर झाला होता. ते त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "हजारो बरे झाले, ते कळलं. बरे न झालेले किती?" चूर्णवाला हळू आवाजात म्हणाला, "साहेब, ते सांगायला येत न्हाईत ना." साडूंचा चेहरा असा खुलला! आयुष्यभर जे पोरांच्या डोक्यात शिरलं नाही ते हा माणूस रस्त्यावर बसून जाणतो, म्हणून त्यांनी आदराने दोन पुड्या विकत घेतल्या. अक्काने त्या पुढे तुळशीला घातल्या. तुळस जगली. त्यावर साडूंचं म्हणणं, एका तुळशीवरून काही सिद्ध होत नाही.

घरातले निर्णयही ते स्वतः घेत नाहीत, चिठ्ठ्या टाकून घेतात. दिवाळीला कोणाकडे जायचं, भिंतीला कोणता रंग द्यायचा, दोन साड्यांपैकी कोणती घ्यायची, लगेच कागदाचे चौकोनी तुकडे, सारख्या घड्या, आणि डबा खदखदा हलवणं. मी एकदा म्हटलं, साडूभाऊ, मनाला विचारावं की माणसानं. तर म्हणाले, "मन लई लबाड असतंय, गुरुजी. त्याला पाहिजे ते करून घेतं आणि वरून कारणं सांगतं. चिठ्ठी लबाडी करत न्हाई." यावर अक्का म्हणाली, "लग्नाच्या वेळंला टाकली होती का चिठ्ठी?" साडूंनी डबा खाली ठेवला आणि चिठ्ठ्या पुन्हा मोजायला घेतल्या.

पण त्यांचा खरा जीव त्यांच्या यादीत. अभ्यासात आलेला एखादा रोगी तपासणीला यायचा थांबला की साडूंना घास गोड लागत नाही. फोन करतात, पत्र टाकतात, आणि काहीच नाही झालं तर पिशवीत फाईल घालून स्वतः निघतात. वाटेत सोबत असावी म्हणून एकदा मला घेऊन गेले कुंभार पिंपळगावला. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले एक म्हातारबाबा सहा महिने दिसले नव्हते. आम्ही गेलो तो बाजाराचा दिवस, कारण साडूंचा हिशोब असा की बाजाराला सगळं गाव हजर असतं. बाबांचं घर सापडलं. दारात रांगोळी होती. आम्हाला पाहताच घरातल्या बायांची पळापळ झाली, सतरंजी अंथरली गेली, पाणी आलं, आणि पाठोपाठ खोबरं-कोथिंबीर भुरभुरलेल्या पोह्यांच्या बश्या आल्या. साडूंना वाटलं, काय प्रेमळ माणसं आहेत. त्यांनी फाईल उघडली आणि सुरुवात केली. घरात माणसं किती? जेवण बराबर जातं का? झोप लागते का? घरात तंबाखू-सुपारी कोणकोण खातं? हे ऐकून आतून एक बाई पदर सावरत बाहेर आली आणि जरा रागानेच म्हणाली, "आमच्या पोरीला सुपारीच्या खांडाचंबी यसन न्हाई, पाव्हणं!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी त्यांच्या नातीला बघायला पाहुणे यायचे होते, आणि स्वच्छ इस्तरीचे कपडे घालून फाईल घेऊन आलेले आम्ही वराकडचे ठरलो होतो. साडूंच्या अजून लक्षात आलं नव्हतं. ते चमचा हवेत धरून विचारत होते, "वजन किती घटलं?" एवढ्यात खरे पाहुणे जीपमधून उतरले आणि मागच्या दाराने म्हातारबाबा शेतातून आले. बाबांनी साडूंना ओळखलं, हसले, आणि म्हणाले, "बरं वाटून राह्यलं, म्हून आलो न्हाई, साहेब. आजारी असतो तर आलो असतो का न्हाई जल्दी?" साडू उठून उभेच राहिले. बरे झालेले घरी बसतात आणि न झालेले तेवढे दवाखान्यात येतात, मग औषध फुकट बदनाम होतं, हे त्यांनी बाबांना, खऱ्या पाहुण्यांना आणि नवऱ्या मुलालाही समजावून सांगितलं. त्या मुलीचं लग्न त्याच स्थळाशी झालं. आम्हाला पत्रिका आली. साडू आहेर घेऊन गेले आणि येताना बाबांचं वजन लिहून घेऊन आले.

आणखी एक हट्ट. एखाद्याने गोळ्या मधेच सोडल्या की डॉक्टर म्हणायचे, याला यादीतून काढा, याने औषध घेतलंच नाही. साडू ऐकायचे नाहीत. "पंगतीत बसला, पान मांडलं, वाढून झालं. आता जेवला न्हाई म्हणून पंगतीत नव्हताच, असं कसं म्हणायचं? ज्या पंगतीत बसला त्याच पंगतीत मोजायचा. सोडणारे वगळले तर राहिलेले सगळे गुणीच दिसतील की." तरुण डॉक्टर आधी हसायचे. मग हळूहळू हसायचे थांबले.

हे सगळं मी मजेत सांगत आलो, कारण तोवर त्यांची यादी म्हणजे परक्यांची नावं होती. मग सुमनच्या, माझ्या बायकोच्या, छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं की पुढच्या उपचाराला एक जुनं, चालत आलेलं औषध आहे आणि एक नवीन आहे, दोन्हींत सरस कोणतं ते कळावं म्हणून अभ्यास चालू आहे, यायचं असेल तर या, नाही आलात तरी जुना उपचार मिळेलच. सुमन म्हणाली, येते. कोणाला कोणतं औषध ते डॉक्टर ठरवत नाहीत, रोगीही ठरवत नाही. कपाटात नंबर घातलेली सीलबंद पाकिटं असतात, आपल्या नंबराचं पाकीट फोडायचं, आत लिहिलं असेल ते खरं. आणि ती पाकिटं कोणी केली होती? आमच्या साडूंनी. कपाटाची किल्ली कोणाच्या कमरेला होती? आमच्या साडूंच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने मी जालन्याला गेलो. साडू अंगणात दात घासत होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि आयुष्यात कोणापुढे जोडले नव्हते असे हात जोडले. म्हटलं, साडूभाऊ, एवढं एक पाकीट बदला. सुमनला नवीन औषध मिळू द्या. कोणाला कळणार आहे?

त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं. "गुरुजी, नवीन चांगलं का जुनं, मला ठाऊक न्हाई. ठाऊक असतं तर पाकिटं कशाला केली असती?"

"तुमची मेहुणी आहे ती. दाजी दाजी करत तुमच्या घरात वाढलेली."

"हौ."

"मग?"

"न्हाई जमणार," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

सुमनच्या पाकिटात जुनं औषध निघालं. तिने शांतपणे मान हलवली. मी नाही हलवली. मी साडूंशी बोलणं टाकलं, ते पुरतं एक वर्ष. तिचे केस गेले, तोंडाची चव गेली, आणि दर रविवारी अक्का आणि साडू डबा घेऊन बदनापूरला यायचे. ते दाराशी दिसले की मी चपला घालून शाळेत जाऊन बसायचो. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या वर्गात एकटा मास्तर, शाळेच्या शिपायालासुद्धा माझी काळजी वाटायला लागली. आकड्यांपुढे माणूस न बघणारा माणूस, असं मी त्यांना मनात हजारदा म्हटलं. गावात दोन-तीन ठिकाणी मोठ्यानेही म्हटलं. ते त्यांच्या कानावर गेलं असणारच. तरी पुढच्या रविवारी डबा यायचाच.

मधे एका तपासणीला सुमनला आत घेतलं आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. तिथल्या जुन्या सिस्टरबाई सहज म्हणाल्या, "सर आज बाहेरच बसले असतील, लिंबाखाली. तुमच्या बाईंची तारीख असली की ते हापिसात पाय ठेवत न्हाईत." मी विचारलं, का? तर म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक न्हाई? बाईंच्या गाठीचा रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सरांनी किल्ली मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, माझ्या घरचं माणूस यादीत येईल, पुढची पाकिटं दुसऱ्या गावच्या माणसाकडून नव्यानं करून घ्या, कोणत्या पाकिटात काय, ती जुनी यादी माझ्या डोक्यात बसलेली आहे. अजून त्यांनी किल्ली परत घेतली न्हाई."

मी हिशोब लावला. किल्ली दिली तो दिवस ऑपरेशनच्याही आधीचा. मी हात जोडायला गेलो तेव्हा त्यांच्याजवळ ना किल्ली होती ना यादी. त्यांनी ठरवलं असतं तरी ते काही करू शकले नसते.

मी बाहेर गेलो. साडू खरंच लिंबाखाली बसले होते, गुडघ्यावर रिकामी पिशवी. मी शेजारी बसलो. वर्षभरानंतरचं पहिलंच बोलणं, सरळच विचारलं, "किल्ली तुमच्याकडं नव्हती. सांगितलं का नाही? एक शब्द बोलला असता तर मी वर्षभर..."

"सांगितलं असतं तर तुम्ही पुढचा प्रश्न विचारला असता."

"कोणता?"

"किल्ली असती तर केलं असतं का, म्हणून."

त्यांनी गुडघ्यावरच्या पिशवीची घडी घातली. मग समोर बघतच म्हणाले, "केलं असतं, गुरुजी. म्हणून तर दिली. रात्रभर सुमी डोळ्यापुढं होती. डोकं म्हणत होतं, कोणतं बरं ते ठाऊक न्हाई. आणि हात म्हणत होता, नवीनच दे. मग तिच्या जागेवर कोण बाई जुन्यात गेली असती, तिचं नावबी मला ठाऊक झालं नसतं. हे तुम्हाला काय सांगू? त्यापेक्षा तुम्ही मला दगड म्हणत होते, ते बरं होतं."

मी त्यांचा हात धरला. दोन म्हातारे साडू दवाखान्याच्या आवारात हातात हात घालून बसलेले बघून येणारे-जाणारे चमत्कारिक नजरेने बघत होते, पण मला सोडवेना. माफ करा म्हणालो. ते म्हणाले, "चालतंय."

सुमन बाहेर आली. रिपोर्ट बरा होता. मी तिला तिथेच सगळं सांगितलं, साडू नको नको म्हणत असताना. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, नुकते कुठे बोटभर केस आले होते, आणि विचारलं, "दाजी, नवीन औषधवाल्या बाया कशा आहेत हो?"

"मला कळू देत न्हाईत, सुमी. निकाल लागंपर्यंत कुणालाच न्हाई."

"लागू पडो त्यांना," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा बरं वाटू दे."

ती हे किती सहज म्हणाली! नवीन औषध सरस निघालं तर आपल्या वाट्याला कमी आलं असा त्याचा अर्थ होतो, हे तिला पक्कं कळत होतं, तरी म्हणाली. साडूंनी तोंड दुसरीकडे फिरवलं. निकाल अजून लागायचा आहे. तो कसाही लागो, मला धाकधूक वाटणारच, मी साधा माणूस आहे. पण आता रविवारी ते दोघं आले की मी घरातच असतो, साडूंच्या शेजारी बसतो, अक्काच्या डब्यातली भाजी त्यांच्या ताटात वाढतो. सुमनला एक घाससुद्धा जात नव्हता, तेव्हा तिच्या उशाशी बसून तो माणूस तिला हसवायचा म्हणे. आत हसण्याचा आवाज होत असेल, आणि मी बंद शाळेत एकटा बसलेला. त्या रविवारांतला एक जरी मला परत मिळाला असता तर फार बरं झालं असतं.