लीलाक्काची पकड

दुपारची गोळी पोटात गेली की इंदुमतीच्या पापण्या जड होतात. झोप मात्र दारातच घुटमळते. उशाशी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरतंय. पलीकडच्या खोलीत तिचे यजमान, शामराव, फोनवर हलक्या आवाजात कुणाला तरी सांगतायत, "हो, औषध परत सुरू करायचं म्हणतोय आम्ही."

आम्ही म्हणजे कोण, असं तिच्या मनात येतं आणि विरघळून जातं.

जन्मात विडी-सिगारेट न ओढलेली ही बाई. जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळायची तेव्हा तिच्या दमाचं सांगलीत नाव होतं. आणि रोग धरला तो फुप्फुसाचा, तोही भलता झपाट्यानं पसरणारा. सलाइनमधून दिलेल्या औषधानं गाठ आकसली. पण त्याच औषधानं धडधाकट फुप्फुससुद्धा सुजवलं. आयसीयूतून ती कशीबशी घरी आली. आता गाठ पुन्हा वाढतेय. औषध सुरू केलं तर सूज उलटायची भीती, नाही केलं तर गाठ कुणाचं ऐकायची नाही. "तुम्हाला काय हवं ते सांगा," डॉक्टर तिला म्हणालेत. ती गप्पच आहे. घरच्यांना वाटतं, धापेमुळे बोलत नाही.

पलंग हळूच सरकतो. स्कॅनच्या गोल भोकात शिरतो आणि पलीकडून मैदानात निघतो. मैदान की दवाखान्याचा व्हरांडा? लाद्यांवर कुणीतरी वाकून फक्कीची पांढरी रेघ ओढतंय. नर्स पाय उचलून ती रेघ ओलांडतायत, जणू रोजचंच आहे.

वाकलेली बाई मान वर करते. लीलाक्का! त्यांच्या कबड्डी संघाची कॅप्टन. पहिल्याच बाळंतपणात गेली, तेव्हा होती तेवढीच तरणी.

"काय गं इंदे, तोंड कसं गरगरीत झालंय तुझं!"

"स्टेरॉइडची सूज आहे, अक्का."

"मला वाटलं, सुखात आहेस."

दोघी हसतात. इंदुमतीला ठसका लागत नाही, हे तिच्या ध्यानात येतं.

"मला न्यायला आलीस?"

"मी कशाला नेऊ? मी सरावाला आले." अक्का हाताची फक्की झटकते. आता दोघी एसटीच्या बाकावर बसल्यात, खिडकीबाहेर उसाचे तुरे मागं पळतायत. "माझ्या वेळी मला कुणी विचारलंच नाही गं. सगळे दाराबाहेर बोलत होते. आई, सासरे, डॉक्टर. मी आत पडून ऐकत होते. तुला तर विचारलंय ना?"

इंदुमती एका दमात म्हणते, "मला ते औषध परत नको. असेल तेवढं अंगणात बसायचंय, माणसांशी बोलायचंय. पण ह्यांना कसं सांगू? मोडून पडतील."

"मग मला काय सांगतेस? मी तर मेलेय."

एसटी थांबते. अक्का उतरून चालू लागते. तिच्यामागं जावंसं वाटून इंदुमती उठते, धावते, श्वास कसा मोकळा! पुढची रेघ ओलांडणार, तोच अक्का गर्रकन वळते, झेपावते आणि तिचा घोटा धरते. तीच जुनी पकड, कुणाला न सुटलेली.

"सोड की, अक्का!"

"घरी जा."

इंदुमती डोळे उघडते. धाप परत आलीय. शामराव पायाशी उभे राहून पांघरूण सारखं करतायत, आणि थबकतात.

"हे काय झालं?"

तिच्या घोट्यावर निळे-जांभळे वळ उठलेत. शेजारीशेजारी चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा.

"गोळ्यांनी कातडी पातळ झालीय," ते स्वतःशीच पुटपुटतात. "कुठं तरी लागलं असेल." त्या वळांवर ते आपली बोटं ठेवून बघतात. त्यांची बोटं जाड पडतात.

"अहो," इंदुमती म्हणते, "बसा जरा. मला बोलायचंय."

ते बसतात. तिचा पाय मांडीवर घेतात. ती येईल तेवढा श्वास घेते आणि सांगायला लागते.