भवानीबाईंनी चोपलेली जमीन

देवासला प्लेगाची साथ ओसरली आणि माळावरच्या झोपड्यांतून लोक आपापल्या घरी परतले. दरबारच्या पागेवर असलेले जगदेवराव परतले, त्यांच्या पत्नी भवानीबाई परतल्या. त्यांची एकुलती एक पोर सुभद्रा मात्र साथीत माळावरच गेली.

घरात पाऊल टाकल्यापासून भवानीबाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चुलीपुढे बसत, मध्येच उठत. तव्यावर भाकरी करपायची आणि भवानीबाई तळघराच्या जिन्याशी कान देऊन उभ्या. उन्हाळ्यात सुभद्रा खाली गारव्याला खेळायची. जमीन सगळी उंचसखल, मधोमध खड्डा, भिंतीकडेनं उंदरांची बिळं. साथ यायच्या आधी घरातला पहिला मेलेला उंदीर तिथंच सापडला होता.

"ती जमीन उकरून सपाट करून घ्यायची," एका सकाळी त्या म्हणाल्या.

जगदेवराव लगामाला तेल लावत होते. "आता कशाला? कुलूप घाला त्या दाराला."

"कुलपानं आवाज थांबेल?"

"कसला आवाज?"

"खाली सारखं कुरतडतंय. आपल्याला ऐकू येत नाही?"

त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. पण बायकोचा चेहरा पाहून त्यांनी वाद घातला नाही, खंडोजी बेलदाराला बोलावणं धाडलं.

खंडोजीनं कुदळ घातली. वरची ढेकळं सुटली आणि एका बिळातून वाळून कोळ झालेला उंदीर बाहेर पडला. कुदळ टाकून तो धावतच वर आला.

"हमसे नी होगा, बाईसाहेब! घरी लेकरं आहेत माझ्या."

त्याला कोण काय म्हणणार? तो गेला. भवानीबाईंनी चिमट्यानं उंदीर उचलला, परसात नेऊन जाळला आणि पदर खोचून कुदळ स्वतःच हातात घेतली.

मग त्यांना उसंत उरली नाही. उंचवटे फोडले, बिळांत फुटक्या काचा ठेचून भरल्या, मुरूम पसरला, पाणी शिंपून जड लाकडी धुमसानं जमीन चोपत सुटल्या. हातांचे फोड फुटले तरी त्या थांबेनात.

"पागेवर लोक हसतात," जगदेवराव कडाडले. "म्हणतात, तुमच्या घरात बायका बेलदारकी करतात!"

"करतात म्हणून सांगा."

चोपून झाल्यावर त्यांनी घागरभर पाणी ओतलं. पाणी सरळ मधोमध जाऊन साचलं. त्यांनी पुन्हा उकरलं, भरलं, चोपलं. पाणी पुन्हा तिथंच. त्या मटकन खाली बसल्या आणि रागानं मुठीनंच जमीन बडवू लागल्या.

आवाज ऐकून जगदेवराव खाली आले. मग पागोटं काढून पायरीवर ठेवलं, अंगरखा उतरवला.

"वरवर भरून भागायचं नाही. खालची माती भुसभुशीत आहे. सरका."

त्यांनी खड्डा कमरेइतका खोदला. तळाशी दगड बसवले, वर मुरुमाचे थर दिले. दोघं आळीपाळीनं धुमस घालत राहिली. बऱ्याच वेळानं जगदेवराव खाली मान घालूनच बोलले, "शेवटी पाणी मागत होती. मी आणायला गेलो, तेवढ्यात..."

पोर गेल्यापासून त्यांनी तिचा विषयच काढला नव्हता. भवानीबाईंनी त्यांच्या हातातलं धुमस काढून बाजूला ठेवलं, आणि दोघंही त्या ओल्या जमिनीवर बसून पोटभर रडली.

या खेपेला पाणी सगळीकडे सारखं पसरलं. कुरतडण्याचा आवाजही भवानीबाईंना पुन्हा आला नाही. झोप लागू लागली, अन्न गोड लागू लागलं. पण रिकामं बसणं काही जमेना. दुपार झाली की अंगात काहीतरी सळसळायचं. शेजारच्या सगुणाबाईंच्या तळघरातही बिळं आहेत असं कळलं, तशा त्या मुरुमाची पाटी कडेवर घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. पुढं आळीतल्या बऱ्याच घरांतून त्यांना बोलावणी येऊ लागली. जगदेवराव कुरकुरायचे, पण धुमसाचा दांडा सैल झाला की तेच ठोकून द्यायचे.

पुढच्या साथीतही गावात उंदीर पडले, माणसंही गेली. भवानीबाईंनी काम सोडलं नाही.

"या, आधी घडीभर टेका, पन्हं घ्या," भवानीबाई पहिल्यांदा पाटी घेऊन दारात आल्या त्या दिवशी सगुणाबाई म्हणाल्या होत्या.

"टेकायला नको, बाई. जिना कुठं आहे तेवढा दाखवा."