गिधाडांना दिलेला बैल

दिघीच्या खाडीपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथल्याच शाळेत मी शिकवते. चौथीच्या मुलांना दरवर्षी घसा फोडून सांगते, की पांढऱ्या पाठीचं गिधाड आता अतिसंकटग्रस्त आहे, म्हणजे जगातून संपायला आलंय. वर्षाला एकच अंडं घालतं. गुरांना दिलेलं एक वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरातून त्याच्या पोटात गेलं, की त्याचं मूत्रपिंड निकामी होतं. मुलं हे धडाधड पाठ म्हणून दाखवतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

गेल्या हिवाळ्यात बाबांचा म्हातारा बैल गोठ्यात बसला तो उठलाच नाही. दोन दिवस नुसता कण्हत होता. बाबाही जेवेनात. मला बघवेना. मी तालुक्याच्या मेडिकलमधून माणसाचं दुखण्याचं इंजेक्शन आणलं आणि ओळखीच्या एकाकडून बैलाला टोचून घेतलं. जनावराला ते द्यायला बंदी आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. वाटलं, बैल उठला तर कुठलं गिधाड आणि कुठलं काय! दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

पूर्वी आमच्याकडे मेलेलं ढोर गावाबाहेर ढोरफोडीवर टाकत. ज्यांच्यावर ते ओढायचं काम लादलेलं होतं त्यांनी ते सोडलं, आणि योग्यच केलं. मग लोक जनावरं पुरायला लागले आणि गिधाडं उपाशी राहिली. आता तालुक्यातली काही मंडळी टेम्पो घेऊन येतात आणि मेलेलं जनावर गिधाडांच्या जागेवर नेऊन टाकतात. बाबांनीच मला त्यांना फोन करायला लावला.

"गिधाडांनी खाल्लं का जनावर सुटतं, बाय. खड्ड्यात नको घालू त्याला."

टेम्पोबरोबर आलेल्या मुलीने नेहमीचा प्रश्न विचारला, "बाई, इंजेक्शन वगैरे दिलं होतं का?"

हो म्हटलं असतं तर बैल खड्ड्यातच घालावा लागला असता. बाबा माझ्याकडे बघत होते. शिवाय शाळेतल्या बाईंनीच असं केलं, अशी गावभर शोभा झाली असती. खरं सांगायचं तर हे दुसरं कारणच मोठं होतं.

"नाही," मी म्हणाले.

इतरांकडे ती गुरांच्या डॉक्टरची औषधाची चिठ्ठी मागते. माझ्याकडे मागितली नाही.

चौथ्या दिवशी डोंगरातल्या बेहड्याच्या झाडावर एक गिधाड मान टाकून बसलेलं दिसलं. संध्याकाळी ते खाली पडलं. त्याच झाडावर घरट्यात त्याचं पिल्लू होतं. एकट्या जोडीदाराला ते जगवता आलं नाही, आठवड्याभरात तेही गेलं. स्वतःची इतकी किळस मला कधीच आली नव्हती, तरी मी तोंड उघडलं नाही.

मग ती मुलगी शाळेत आली. रडून डोळे सुजले होते. मेलेल्या गिधाडाच्या तपासणीत तेच औषध सापडलं होतं.

"कुणीतरी खोटं बोललंय, बाई. आम्हाला कोण सांगणार न्हाय. तुम्ही विचाराल का? तुमच्याशी लोक खरं बोलतात."

"विचारते," मी म्हणाले.

शाळा सुटल्यावर मी खरंच निघाले. त्या महिन्यात ज्यांची ज्यांची जनावरं टेम्पोतून गेली होती, त्या प्रत्येकाच्या ओटीवर जाऊन बसले, दिलेला चहा प्यायले आणि विचारलं. एका म्हातारीने तर घाबरून हात जोडले, "न्हाय वो बाई, पोरांची शपथ!" सगळ्यांनी नाही सांगितलं. सगळे खरं बोलत होते.